दुसरा शनिवार

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली माझं प्रेस-शॉप, वर रिकामा माळा,
जिथे पूर्वी पॅकिंगच्या बायका बसत.
इम्तियाज मुकादम विचारायला आला,
मी भाडं सांगितलं सहाशे.
तो म्हणाला, चारशे, आणि झाडू आम्ही मारू.
झाडू त्यांनी एकदाच मारला.

पहिल्या शनिवारी किसननगरच्या मंडपवाल्याकडून
अकरा खुर्च्या आणल्या, गोल मांडल्या.
आले चौघे. त्यातला एक विमा विकणारा.
साडेसहापर्यंत सगळे जिन्याकडे बघत होते
आणि खालून माझा साठ टनी प्रेस ठोकत होता.
दर ठोक्याला ताटलीतले समोसे जरा सरकत.
शेवटी मीच मशीन थांबवलं.
दया वगैरे नाही, ऑर्डर संपली होती.

जिन्यात उभा राहून ऐकायचो. भाषा कळेना.
पायलट म्हणजे विमानातला नव्हे.
रनवे म्हणजेही विमानाचा नव्हे,
तर खात्यात किती महिन्यांचे पैसे उरलेत, ते.
माझ्या बापाने त्याला नाव दिलं नव्हतं.
तो महिनाअखेरीला फक्त
रात्री उशिरा जेवायचा.

पाचव्या की सहाव्या खेपेला
खारीगावची हर्षला भोईर एक पेटी घेऊन आली.
मासळी विकणाऱ्या बायकांसाठी, बर्फ दहा तास टिकणारी.
माळ्यावर बोंबलाचा वास पसरला.
सगळे म्हणाले वा, सगळे म्हणाले बाजार मोठा आहे.
माझ्या तोंडून जिन्यातूनच निघून गेलं,
"बिजागरी चुकलीय. खाऱ्या पाण्यात सहा महिने जाईल."
ती वळली. "चारच गेली," म्हणाली,
"हे मला अजून कुणी बोललं नव्हतं."
आणि पायाने एक खुर्ची माझ्याकडे ढकलली.
मी तेलाचे हात दाखवले.
ती म्हणाली, "खुर्ची प्लास्टिकची आहे."

तेव्हापासून बसतो.

सगळंच काही उभं राहिलं नाही.
दोघं बंगळुरूला गेले, एकाने सासऱ्याचं मेडिकल धरलं,
एक नुसताच यायचा बंद झाला, फोनही उचलत नाही.
आणि गटारीच्या आदल्या शनिवारी जॉयसन परेरा उठला,
इस्पितळातल्या नातेवाइकांना डबे पुरवायचा तो.
म्हणाला, "बंद केलं. एकोणीस लाख.
त्यातले सात बायकोच्या बांगड्यांचे."
एरवी कुणीही बोललं की टाळ्या पडतात.
त्या दिवशी पंख्याचाच आवाज होता.
विमावाल्याने विचारलं
(दीड वर्ष येतोय, एक पॉलिसी खपली नाही),
"स्वयंपाकाच्या बायका कुठे आहेत तुझ्या?"
"घरी."
"मग त्यांना का नाही आणलंस?"

पुढच्या वेळी दोघी आल्या.
एक नंतर आली नाही.
दुसरी, सुगंधा पाष्टे, तासभर ऐकून म्हणाली,
"तुम्ही एकमेकांना इतकं देऊ देऊ म्हणता,
हे लिहून कोण घेतं?"

आता ती घेते. दोनशे पानी वही, वर सरस्वतीचं चित्र.
सभा सुरू होते तिच्या वाचनाने:
मुकादम, परेराला वकिलाचा नंबर देणार. दिला नाही.
हर्षला, बँकेच्या कागदाचा नमुना सगळ्यांना. दिला.
परेरा, मोठी पातेली दोन, ओवळ्याच्या गोदामातून
सुगंधाला, उधार. मिळाली, एकाला कान नाही.
ती वाचायला लागली की
सतरा माणसं खुर्चीत नीट बसतात,
शाळेत कुणी एवढं नीट बसलं नसेल.

परवा ती खाली पाणी प्यायला आली
तेव्हा वही माझ्या बाकावर राहिली.
तेलाचा अंगठा उमटू नये म्हणून
मी पान स्क्रू-ड्रायव्हरने उलटलं.
माझ्या नावापुढे होतं:
बिजागरी, तीनशे चारचं स्टील, नमुने तीन. दिले.
चौथा जास्त चांगला, तोही दिला.
त्याखाली:
भाडं चारशे. मालक सात महिने घेत नाहीत.
कारण विचारणे.